उसातली बाळंतीण

जुन्नरकडे ऊसतोड सुरू झाली की वनरक्षकाचा फोन भल्या सकाळी वाजायला लागतो. पलीकडे बहुतेकदा टोळीचा मुकादम, आणि वाक्य ठरलेलं : "साहेब, फडात वाघाची पिल्लं सापडलीत." वाघ म्हणजे बिबट्या. वनरक्षकाचा पहिला प्रश्नही ठरलेला : "हात लावलाय का कुणी?"

अशाच एका फोनमागोमाग मी फडावर पोचलो तेव्हा अर्धा ऊस आडवा झाला होता. कोयते जिथे थांबले तिथेच, पाचटात, दोन पिल्लं पडलेली. अंगावरचे ठिपके अजून एकमेकांत मिसळलेले, डोळे नुकते उघडलेले आणि निळसर. जन्मानंतर साधारण दहा दिवसांनी डोळे उघडतात, त्यावरून वयाचा अंदाज येतो. एक निपचित होतं, दुसरं फिस्कारत होतं. टोळीतल्या बाया आपापली लेकरं काखेला मारून बांधावर उभ्या होत्या.

वनरक्षक पिल्लांपाशी रेंगाळला नाही. तो काठी टेकत शेजारच्या कांद्याच्या रानात शिरला. तिथे रात्री पाणी दिलेलं होतं, आणि मागकाढ्याला ओल्या मातीसारखं दुसरं काही नसतं. वाफ्याच्या कडेला ठसा स्पष्ट उमटला होता. चार बोटं, मागे गादी, नखांचा मागमूस नाही. कुत्र्याचा असता तर नखं दिसली असती. नराचा पंजा मोठा आणि गोलसर उमटतो. हा लहान, लांबट. मादीच. पुढे वरंब्यावर शेतकऱ्याच्या चपलेचा ठसा होता आणि त्याच्या टाचेवर तिचा पंजा पडलेला. मध्यरात्रीनंतर दारं मोडून तो घरी गेला, त्यानंतर ती इथून चारीकडे गेली होती. "मोटारीला लाईट रात्रीची, आणि हिचीही पाळी रात्रीचीच," तो शेतकरी म्हणाला. त्याच्या बोलण्यात विनोद होता, पण दिवसा वीज मागून थकलेल्या माणसाचा.

वनरक्षकाला हवं ते मिळालं. आई जवळपास आहे, शिकारीला गेली आहे आणि येण्याजाण्याची वाट ही. माग काढणं इथे संपतं. अभयारण्यात मागकाढ्याची शाबासकी जनावर दाखवल्यावर मिळते. इथे मादी कुणालाही दिसू नये यासाठी सगळी धडपड. उभ्या उसात तिच्यामागे कोणी शिरत नाही.

दुपारी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले. हे केंद्र वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. हातमोजे घालून त्यांनी पिल्लांची पोटं चाचपली, गोचिडी काढल्या, नर-मादी पाहिलं, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सरकवली. पुन्हा कधी हे जनावर पिंजऱ्यात आलं तर तेच हे, असं कळावं म्हणून.

पिल्लं आईला परत देण्याचा एवढा खटाटोप कशाला, उचलून केंद्रात न्यावीत, असं बांधावरच्या गर्दीत कोणीतरी म्हणालंच. तशी पिल्लं माणसाच्या हातावर वाढली की जंगलात जगायला शिकत नाहीत. ते शिक्षण दीड-दोन वर्षं आईपाठोपाठ हिंडून होतं. मग उरतो जन्मभराचा पिंजरा. शिवाय पिल्लं हरवलेली मादी ती शोधत त्याच वस्त्यांभोवती फिरत राहते. बिबटे उचलून दुसरीकडे नेण्याचा धडा जुन्नरनं आधीच घेतलाय. २००१ ते २००३च्या काळात इथे बरेच बिबटे धरून लांब सोडले गेले. माणसांवरचे हल्ले त्यानंतर कमी झाले नाहीत, उलट वाढले, असं वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासातून दाखवलं. बारा ते अठरा महिने उभं राहणारं, बाजूला पाणी आणि वस्तीवर कुत्री-शेरडं असलेलं उसासारखं पीक कोणती मादी सोडेल?

सूर्य मावळताना पिल्लं जिथे सापडली तिथेच प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला वापरतात तसलं कॅरेट. भोवती ट्रॅप कॅमेरे. खरं काम यापुढचं होतं, गर्दी हटवायचं. मोबाईल घेऊन आलेली पोरं जाता जाईनात. शेवटी सरपंचांनी दम भरला, मोटारी बंद झाल्या, आणि आम्ही लांब रस्त्यावर गाडीत दिवे मालवून बसलो.

ती चारीच्या बाजूनं आली. गाडीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधी दोन चकाकते डोळे, मग खाली धरलेली मान. कॅरेटला एक फेरी मारली, वास घेतला, पंजानं ढकललं. कॅरेट कलंडलं. एकाला मानेशी धरून ती चौकटीबाहेर गेली. दुसरं तिथेच मागे राहिलेलं, आणि ते ओरडायला लागलं. ती एका वेळी एकच नेऊ शकते, पहिलं नीट लपवल्याशिवाय परतत नाही, हे गाडीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरी डॉक्टर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळानं ती आली आणि थेट त्याला उचलून गेली. या खेपेला फेरीही मारली नाही.

उजाडल्यावर वनरक्षक पुन्हा कांद्याच्या रानात. जड पावलांचे ठसे वाफे तुडवत पलीकडच्या न तोडलेल्या उसात गेले होते. त्यानं गट नंबर लिहून घेतला आणि मालकाला तोड कधी आहे ते विचारलं. पंधरवड्यात, असं उत्तर आलं. मग त्यानं मुकादमाला गाठून सांगितलं, "त्या रानात शिरायच्या आदल्या दिवशी मला फोन कर. आणि तोड एका बाजूनं घ्या, चहूकडून घेरू नका. तिला निघायला वाट ठेवा."