कल्पित प्रदेशांचे रंगकाम : नेवासे, मोक्षपट आणि भूमिका-खेळांची चित्रे

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, चोर अशी एखादी भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग सांगत जातो, खेळाडू आपण काय करणार ते बोलून दाखवतात आणि त्या कृतीचे यशापयश फासे टाकून ठरते. या प्रकारचा पहिला छापील खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. सारा खेळ बोलण्यावर चालत असला तरी चार-पाच जणांच्या मनांतले भुयार एकच असावे, यासाठी त्याला आरंभापासून चित्राचा आधार घ्यावा लागला, आणि या खेळांच्या कलेचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या आधाराचा इतिहास होय.

पहिल्या पुस्तिकांतली रेखाटने हौशी हातांची होती. त्यांतली काही तर तेव्हाच्या चित्रकथांवरून सरळ गिरवलेली होती. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसकोशात डेव्हिड सदरलँड आणि डेव्हिड ट्रॅम्पियर यांच्या शाईच्या रेषांनी या कलेला स्वतःचे वळण दिले. ट्रॅम्पियरने १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकासाठी काढलेले मुखपृष्ठ तर मुद्दाम थांबून पाहावे असे आहे. एका प्रचंड मूर्तीच्या डोळ्यातले रत्न दोन चोर उपटून काढत आहेत, खाली लढाईत पडलेली प्रेते आहेत आणि त्यांच्याजवळच उरलेले साथीदार पुढच्या वाटेचा विचार करत आहेत. चित्रकाराने लढाईचा क्षण न निवडता लढाई संपल्यानंतरचा क्षण निवडला, आणि त्यामुळे खेळाडूंनी नेमके काय करायचे असते, हे नियमांच्या कित्येक पानांना जमले नसते इतक्या नेमकेपणाने त्या एका चित्राने सांगितले. याच खेळाच्या १९८३ च्या लाल पेटीवर लॅरी एल्मोरने रंगवलेला अजस्र ड्रॅगन अधिक गाजला, परंतु त्याला सामोरा जाणारा वीर एकटा आहे, आणि खेळाचा आत्मा असलेली टोळी त्या चित्रात नाही.

१९७७ च्या त्याच राक्षसकोशात मराठी वाचकाला ओळखीचे नाव भेटते. तिथला ‘राक्षस’ मूळचा भारतातला असल्याचे मजकूर सांगतो, पण शेजारच्या चित्रात वाघाचे तोंड, अंगात उंची युरोपीय पेहराव आणि ओढायला धूम्रपानाची नळी आहे. या रूपाचे मूळ रामायणात नाही. ‘कोल्चॅक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधील एका भागात विश्वासू माणसाचे रूप घेणारा राक्षस दाखवला होता, आणि तो मंतरलेल्या बाणाने मरतो हा तिथला नियम खेळात आला. पुढे १९८० च्या दैवतकोशात इंद्र, अग्नी, वरुण यांनाही बळाचे आणि आयुष्याचे आकडे मिळाले. कलाकारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, मात्र नाव घेतले आणि चित्रपरंपरा मागेच राहिली, ही उणीव खरी आहे. पिंगुळीच्या चित्रकथीत किंवा पैठणच्या पोथीचित्रांत एका बाजूने दिसणारा, टपोऱ्या डोळ्यांचा, प्रमाणबद्ध आणि तरीही भयकारी असा राक्षस त्या काळी या चित्रकारांसमोर असता, तर कोशाचे ते पान वेगळे झाले असते.

जी चित्रपरंपरा मागे राहिली तिचा एक धागा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातून जातो. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीरूपात अमृत वाटले ते नेवासे येथे, चोरून अमृत प्यायलेल्या राहूचे शिर पडले ते राहुरीला आणि धड पडले ते गोदावरीकाठच्या कायगावला, अशी स्थानिक आख्यायिका आहे, आणि नेवाशात मोहिनीराजाचे मंदिरही आहे. भूमिका-खेळाचा सूत्रधार कागदावर नकाशा आखून प्रत्येक ठिकाणी एकेक घटना ठेवतो. प्रवरेच्या खोऱ्यात हे काम लोककथेने गावांवरच केले आहे. याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि ज्ञानेश्वरांच्याच नावाशी परंपरेने एक खेळही जोडला आहे, तो म्हणजे मोक्षपट. हे कर्तृत्व परंपरेचे म्हणूनच सांगावे लागते, कारण अभ्यासकांपुढचे जुने पट प्रामुख्याने अठराव्या शतकापासूनचे आहेत. तथापि संत आणि सोंगटी यांना एकत्र आणण्यात समाजाला काही गैर वाटले नाही, ही गोष्ट खेळाच्या प्रतिष्ठेविषयी पुष्कळ सांगून जाते.

मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. कापडावर किंवा कागदावर घरे आखलेली असतात, प्रत्येक घरात एखाद्या वृत्तीचे, कर्माचे किंवा लोकाचे नाव असते, कवड्यांच्या दानानुसार सोंगटी चालते, क्रोध-मत्सरासारख्या घरांतून साप खाली नेतो आणि भक्ती-दयेच्या घरांतून शिडी वर चढवते. जैन पटांत बहुधा चौऱ्याऐंशी घरे असतात, तर वैष्णव पटांत बहात्तर. बहात्तर घरांच्या एका प्रसिद्ध मांडणीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी, आणि मुक्तीचे वैकुंठ शेवटच्या घरात नसून सर्वांत वरच्या ओळीच्या मध्यावर, अडुसष्टाव्या घरात. ज्याचे दान जास्त पडते तो वैकुंठ ओलांडून पुढे जातो, बहात्तराव्या घरी तमोगुणाच्या सापाच्या तोंडी सापडतो आणि थेट एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर, उतरतो. येथे चित्र नियमाची सजावट करत नाही, चित्र हाच नियम आहे. सापाची शेपटी चित्रकाराने जिथे टेकवली तिथे खेळाडूचे पुढचे आयुष्य सुरू होते. १८९२ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडात छापला गेला आणि हळूहळू घरांतली नावे गळून नुसते आकडे उरले, तेव्हा शिल्लक राहिली ती केवळ शर्यत, भूमिका लोपली.

नगरच्या निजामशाहीचा चित्रवारसाही या संदर्भात आठवतो. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी या कवीने रचलेले, १५६५ च्या तालिकोट युद्धाचे वर्णन असलेले ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. त्यातल्या बारा चित्रांपैकी एकात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून येते, म्हणजे संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत दख्खनी दरबाराच्या कागदावर उतरतो. हुसेनची राणी खुंजा हुमायून हिची आकृती काही चित्रांत नंतर पुसून टाकलेली दिसते. अद्भुत आणि राजकारण यांचे हे सान्निध्य कोणत्याही कल्पनारम्य कथानकाला हेवा वाटावा असे आहे.

दरबारांत खेळला जाणारा गंजिफा हा पत्त्यांचा खेळ भूमिका-खेळाच्या आणखी जवळ येतो. बाबराने १५२७ मध्ये या पत्त्यांचा उल्लेख केला आहे. मोगल गंजिफाच्या आठ रंगांत ताज, शमशेर, गुलाम, बरात अशी नावे येतात, म्हणजे हातातली पाने हे एक छोटे राज्यच असते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकपाने, अशी एकशे वीस गोल पाने असतात. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, वामनाच्या रंगावर कमंडलू आणि परशुरामाच्या रंगावर परशू मोजून घ्यायचे असतात. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो आरंभ करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दश्शा मोठा, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. बाहेरचा सूर्यही जिथे नियमात धरला जातो, असा दुसरा पत्त्यांचा खेळ सहजासहजी सापडणार नाही.

ही पाने घडवण्याची कला सावंतवाडीत टिकून आहे. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन, घोटून, रंगवून वर लाखेचा हात दिला जातो. ही कला लोप पावू लागली असता १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराकडून ती जाणून घेऊन राजवाड्यात पुन्हा सुरू केली, आणि आजचा गंजिफा त्या प्रयत्नाचीच देणगी आहे. मात्र हे जोड बहुतेक शोभेसाठी घेतले जातात. भिंतीवर चौकटीत लावलेल्या मत्स्यराजाला उतारी कधी मिळत नाही.

दरम्यान, भूमिका-खेळांचे जग या परंपरांकडे वळू लागले आहे. २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने प्रसिद्ध केलेल्या एका संग्रहात मिमी मोंडल या लेखिकेने बंगालच्या परंपरांवर आधारलेला प्रदेश उभा केला, आणि व्याघ्रमुखी राक्षसापासून तिथपर्यंतचे अंतर लहान नाही. मराठी चित्रकाराने असा प्रदेश रचायचा ठरवला तर त्याच्यापुढे मोक्षपटाची घरे, गंजिफाची पाने आणि प्रवरेकाठच्या आख्यायिका तयार आहेत. फक्त हे खेळ खेळले जाताना पाहता यायला हवेत. त्यासाठी सावंतवाडीच्या प्रत्येक जोडासोबत खेळाचे नियम मराठीत छापून दिले पाहिजेत, आणि संग्रहालयात काचेमागे असलेल्या प्रत्येक मोक्षपटाची, घरांची नावे वाचता येतील इतकी मोठी प्रतिकृती शेजारच्या मेजावर कवड्यांसह मांडली पाहिजे.