विश्लेषण : डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या कोंबड्या कोण पळवते?

संध्याकाळी मोजल्या तेव्हा अकरा, सकाळी आठ. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर ही वजाबाकी नवी नाही. आळ बहुतेक वेळा बिबट्यावर किंवा शेजारच्या कुत्र्यावर येतो. खरे चोर मात्र आकाराने लहान असतात आणि ते खुराड्याच्या फटीतून येतात. ते कोण आणि त्यांना अडवायचे कसे?

दहा-बारा कोंबड्यांना एवढे महत्त्व का?

वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांसाठी परसातली कोंबडी म्हणजे हाताशी असलेली रोकड. मूल तापाने फणफणले, शाळेचा खर्च आला, की एखादा कोंबडा आठवडी बाजारात जातो. पाहुणा आला किंवा देवकार्य निघाले तरी हात आधी खुराड्याकडेच वळतो. हे पालन देशभर वाढते आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातले होते आणि २०१२च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के होती.

देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास-साठ अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. खेप संपली की ती खुडूक होते, दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसते आणि नंतर दीड-दोन महिने पिल्ले सांभाळते. अंड्यांवर बसलेली कोंबडी मुंगसाने मारली तर घराचा एक पक्षी जात नाही, पुढची सगळी वीण जाते.

मग बिबट्याचे काय?

पालघरच्या जंगलपट्ट्यात बिबटे आहेत. शेळी, कुत्रा, कधी कोंबडीही ते उचलतात. तरी वारली समाजाने त्याला निव्वळ शत्रू मानलेले नाही. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, कोंबड्याचा किंवा बकऱ्याचा नैवेद्य दाखवला जातो आणि त्या बदल्यात त्याने गावाचे आणि गुराढोरांचे रक्षण करावे, अशी श्रद्धा आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली असून, त्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंगसाशी असा करार कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

चोर ओळखायचा कसा?

मागे काय राहिले आणि कोणत्या वेळी, यावरून बराच अंदाज बांधता येतो. दिवसाढवळ्या पिल्लू गायब आणि पिसाचाही मागमूस नाही, तर बहुधा घार, शिक्रा किंवा कावळा. अंडी अख्खी नाहीशी झाली तर साप किंवा घोरपड. फुटकी टरफले पडली असतील तर मुंगूस किंवा कावळा. एकाच रात्रीत दोन-तीन कोंबड्या मान चावून मारलेल्या आणि तिथेच टाकलेल्या दिसल्या, तर संशय उदमांजरावर घ्यावा. अंगणापासून झुडपापर्यंत पिसांची रेघ असेल तर कोल्हा, रानमांजर किंवा मोकाट कुत्रे. चिकूच्या वाड्या, भातशेतीचे बांध आणि पावसाळ्यात माजलेले गवत या साऱ्यांना लपायला पुरते. त्यातच दिवसभर घरातली माणसे उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यांत किंवा वाड्यांवर कामाला गेलेली असतात आणि अंगणात ‘हुश्श’ करायला कोणी नसते.

पिल्ले मरून पडत असतील, माना वाकड्या होत असतील, तर चोर शोधू नये. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुढची लस, हा त्यावरचा उपाय आहे. कळपच्या कळप संपवण्यात या रोगाची बरोबरी एकही रानजनावर करू शकत नाही.

सुधारित जातींनी प्रश्न सुटतो का?

काही सुटतो, काही नवा तयार होतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा ही जात परसासाठीच आहे. रंगीत पिसे झाडोऱ्यात मिसळून जातात आणि लांब पाय पळायला उपयोगी पडतात. अंडीही देशीपेक्षा जास्त. पण ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणजे पिल्ले विकत आणायची आणि आईविना वाढवायची. देशी पिल्लांना घार दिसताच पंखाखाली घेणारी आई असते, वनराजाच्या पिल्लांना ती नसते. म्हणून पहिले सहा आठवडे त्यांना उबेत आणि बंदिस्त जागेतच ठेवावे लागते. योजनेत किंवा बाजारात मिळालेली पिल्ले त्याच दिवशी अंगणात सोडली, तर महिनाभरात हाती फारशी उरत नाहीत. कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना या बाबतीत मार्गदर्शन करतात. पिल्ले घेण्याआधी तिथे जावे, नंतर नव्हे.

खुराडे कसे असावे?

रात्री प्रत्येक मोठ्या पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा पुरते, म्हणजे बारा कोंबड्यांना चार फूट बाय तीन फूट. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबूच्या पट्ट्यांची जमीन, वर पेंढा किंवा पत्रा. इथवर बहुतेक घरांत जमते. चूक होते ती जाळीत. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रे तर ती फाडतेच. त्याऐवजी अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी चांगली. खुराडे जमिनीवरच असेल तर ती फूटभर खाली गाडावी, म्हणजे उकरून आत येता येत नाही. दाराला नुसता दोरा नको, कडी हवी. दिवसा पिल्लांसाठी डालगे अजूनही उत्तम आहे. शिवाय अंगणात दोन-चार दाट झुडपे राखली तर घारीला झेप घेता येत नाही.

कोंबड्या घरातच डालल्या तर?

जागेअभावी अनेक जण तसे करतात, आणि खरा धोका इथेच आहे. कोंबड्यांचे दाणे उंदीर आणतात आणि उंदीर, अंडी, पिल्ले यांमागे साप येतो. कुडाच्या भिंतीत फटी असतात आणि माणसे जमिनीवर झोपलेली असतात. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. डहाणूत सर्पदंश इतका गंभीर प्रश्न आहे की, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तिथे त्यावर जनजागृती आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे काम केले. म्हणून खुराडे घराबाहेर, भिंतीपासून सुटे हवे. अंडी काढताना आधी बॅटरीचा उजेड टाकावा, अंधारात हात घालू नये. दंश झालाच तर भगताकडे वेळ न घालवता १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे.

विष घातले तर?

मेलेल्या कोंबडीला औषध लावून ठेवणे, फासे लावणे, विजेची उघडी तार सोडणे, हे प्रकार होतात. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, घोरपड हे सारे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. शिवाय ते विष आधी पाड्यावरचेच कुत्रे खाते आणि उघड्या तारेला माणूसही चिकटतो.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा कळप म्हाताऱ्या माणसांवर किंवा शेजाऱ्यांवर सोपवला जातो, नाहीतर मिळेल त्या भावाने विकला जातो. जाण्याआधी जाळी तपासून, कडी बसवून, रोज दिवेलागणीला दार कोण लावणार हे ठरवून गेले, तर परतल्यावर वीण सुरू करायला निदान दोन-चार कोंबड्या आणि एक कोंबडा शिल्लक असतो.