काळी राहिली, पांढरी हलली!
उठलेले गाव पुन्हा बसते तेव्हा घरे आधी उभी राहतात, शेजार मागाहून येतो

वाचकहो, आपल्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. नांगराखालची ती काळी आणि वस्तीखालची ती पांढरी. काळी पोट भरते आणि पांढरी माणूस धरून ठेवते. काळी विकता येते, गहाण टाकता येते, वाटून घेता येते. पांढरीचे तसे नाही. तिच्यावर आपले आड असतात, पार असतो, वेस असते, चार पिढ्यांचे उंबरे असतात. अशी पांढरीच एक दिवस सोडावी लागली तर? काळी जागेवर आणि पांढरी दुसरीकडे, असे झाले तर माणसाने आपले गाव कुठे शोधायचे?

हा प्रश्न नुसता बोलायचा नाही. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बावन्न गावांनी तो भोगला आहे. तुमच्या गावावर अशी वेळ न येवो. पण धरणाने, रुंद होणाऱ्या रस्त्याने, ढासळत्या डोंगराने आजही गावे उठत आहेत. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण डोंगराखाली गेले आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी. म्हणून जे भोगून बसले आहेत त्यांचा अनुभव गाठीला बांधून ठेवलेला बरा.

ती पहाट

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या पट्ट्यातली गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली.

माणसे मारली ती भूकंपाने, तशीच घरांनीही. हे कटू आहे, पण खरे आहे. आपली माळवदाची घरे आठवा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत चिखलाचा दर्जा, वर लाकडी तुळया आणि त्यावर दर पावसाळ्याआधी टाकून टाकून वाढलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात पंख्याची गरज नसे. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत गुंतवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसला तशा भिंती फुगून फुटल्या आणि माळवदाचे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

दोन तऱ्हेचे पुनर्वसन

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. पार जमीनदोस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी बसवायची ठरली. कमी नुकसान झालेल्या हजाराहून अधिक गावांत घरे होती तिथेच दुरुस्त करायची ठरली.

नव्या गावठाणात घर मिळाले ते शेतीच्या हिशोबाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, त्यापुढच्याला साडेसातशे. अडीचशे चौरस फूट म्हणजे किती? पंचवीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. ज्याचे जुने घर एवढेसुद्धा नव्हते, त्याला पहिल्यांदाच पक्के छत मिळाले, हे विसरून चालणार नाही. पण ज्याच्या वाड्याला ढाळज होती, ओसरी होती, आत बळद आणि बाहेर पेव होते, त्याने ज्वारी ठेवायची कुठे?

आता या वाटपातली मेख बघा. बऱ्याच गावांत एका मापाची घरे एका ओळीत बांधली गेली. आखणाऱ्याच्या सोयीचे ते होतेच. पण त्यामुळे वाटणीत जादा रान आलेला भाऊ एका टोकाला गेला आणि कमी रानाचा दुसऱ्या टोकाला. ज्या शेजारणीकडून विरजण आणायचे, जिच्या भरवशावर लेकरू टाकून रानात जायचे, ती चार रस्ते पलीकडे गेली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती. या दारातली हाक त्या दारात जायची. नव्या गावात चौकटीचे रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा आणि जुन्या गावाच्या कितीतरी पट पसारा. कागदावर हे सगळे चांगलेच दिसते. पण म्हाताऱ्या माणसाला पारावर जायचे तर ऊन, आणि पोचल्यावर तिथे पारच नाही!

शिवाय गुरांचे काय? घर मिळाले, गोठा मिळाला नाही. कडब्याची बनीम कुठे रचायची, उकिरडा कुठे करायचा, बैल कुठे बांधायचे? अनेकांनी जनावरे शेतात नेली आणि त्यांच्यामागे घरातले एक माणूसही शेतात गेले. एका कुटुंबाचे दोन संसार झाले.

आणखी एक गोष्ट परक्याला कळत नाही. ज्याने डोक्यावर छत पडताना पाहिले, त्याला नवा स्लॅबसुद्धा भिववतो. सिमेंटचे घर शेजारी असताना पत्र्याच्या शेडमध्ये किंवा अंगणात बाज टाकून झोपणारी माणसे त्या भागाने पुढे कैक वर्षे पाहिली. घर ताब्यात मिळणे वेगळे आणि घरात झोप लागणे वेगळे.

जुने सगळेच गोड नव्हते

इथे एक गोष्ट सरळ बोलली पाहिजे. जुन्या गावाची आठवण काढताना आपण पार, वेस आणि वाडा आठवतो. वेशीबाहेरची वस्ती, तिथल्या बायाबापड्यांनी दुसऱ्याच्या आडावर पाण्यासाठी केलेल्या विनवण्या, पावसाळ्यात चिखलाने तुटणारी त्यांची वाट, हे आपण सोयीने विसरतो. गाव नव्याने आखताना ही जुनी रेघ पुसायची संधी होती. काही ठिकाणी ती पुसली गेली आणि काही ठिकाणी नव्या नकाशावर पुन्हा ओढली गेली. गावपण परत आणायचे म्हणजे जुने सगळे जसेच्या तसे आणायचे, असा अर्थ कुणी घेऊ नये.

गावपण परत आले कसे?

आले, पण सावकाश आले, आणि ते ठेकेदाराच्या हाताने आले नाही. लोकांनी घरापुढे लिंब लावले. पाच-सात वर्षांनी त्याखाली सावली धरली, सावलीखाली बाज आली आणि बाजेवर माणसे जमू लागली. कुणी पुढे पत्र्याचा सोपा काढला, कुणी मागे चुलीची जागा केली. एका मापाची घरे हळूहळू वेगवेगळ्या तोंडावळ्याची झाली. देऊळ झाले, सप्ताह बसला, काकड्याला माणसे उठू लागली.

आणि बायकांचे काम तर वेगळे सांगितले पाहिजे. जिथल्या तिथे दुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी 'संवाद साहाय्यक' म्हणून गावातल्याच बायका पुढे आल्या. अनुदानाचा हप्ता कशासाठी, भिंतीत लोखंड कुठे घालायचे, हे त्या घरोघर समजावू लागल्या. जिने कधी इंजिनिअरपुढे तोंड उघडले नव्हते ती सिमेंटच्या गोण्या मोजू लागली. ज्या गावात लोकांना विचारून काम झाले तिथे घर लवकर आपले वाटले. ज्या गावात नुसती किल्ली हातात पडली तिथे घर 'सरकारचे' राहिले. गळले तरी सरकारनेच यावे, असे लोक म्हणत राहिले.

परक्या गावात जाणे त्याहून अवघड

भूकंपवाल्यांची बहुतेक पांढरी आपल्याच शिवारात किंवा जवळपास सरकली. काळी तीच राहिली, सोयरे तेच राहिले. धरणवाल्यांची काळी आणि पांढरी दोन्ही बुडतात. कोयना धरणाची माणसे आठवा. साताऱ्याच्या डोंगरखोऱ्यातून काही ठाणे-रायगडकडे गेली, काही सांगली-सोलापूरच्या सपाटीवर आली. नाचणी-वरी पिकवणारा माणूस ज्वारीच्या मुलखात आला. पाऊस वेगळा, माती वेगळी, तोंडची बोलीसुद्धा वेगळी. आणि ज्या गावात तो आला, त्या गावाला वाटले की हा आपली जमीन खायला आला!

त्याचेही चुकले नाही, ह्यांचेही नाही. एकाचे घर पाण्यात गेले आणि दुसऱ्याची जमीन संपादनात. पण दोघांच्या मधले भांडण मात्र विहिरीवर, गायरानात आणि स्मशानात होते. मढे घेऊन आलेल्या माणसांना 'ही जागा आमची' असे ऐकावे लागते, त्याहून मोठे दुःख नाही.

तुमच्यावर वेळ आली तर

शेतकरी बंधूंनो, अनुभवातून निघालेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली. जागा ठरायच्या आधी ग्रामसभेत बसा, आणि बायकांना मागे नव्हे तर पुढे बसवा. पाणी किती लांब, सरपण-गवऱ्या कुठे ठेवायच्या, लेकरांची शाळा रस्ता ओलांडून आहे का, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि जागा एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा भर उन्हाळ्यात पाहा. हिवाळ्यात सगळीच रानं चांगली दिसतात.

दुसरी. वाटपात गल्ली मोडू देऊ नका. घर लहान-मोठे असू द्या, पण भाऊबंद आणि शेजारी एकत्र राहतील असा गट करून मागणी लेखी द्या.

तिसरी. कागद सोडू नका. घराचा कबाला, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद, रेशनकार्ड आणि मतदारयादीतले नवे ठिकाण, हे सारे हातात पडेपर्यंत 'झालं काम' म्हणू नका. बाप आहे तोवर अडत नाही. बाप गेला आणि वारस नोंदीची वेळ आली की कळते, घर आहे पण नावावर काहीच नाही.

चौथी. जाताना जुन्या गावचे काही बरोबर न्या. देवाचा तांदळा न्या, पारावरच्या पिंपळाची फांदी न्या, गल्लीचे नाव न्या. नव्या जागी 'अ' ओळ, 'ब' ओळ म्हणत बसू नका.

आता सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींना. नवे गावठाण नुसते वसून भागत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली गावाची जागा ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. ते काम अर्धे राहिले की पुढे प्रत्येक फेरफार अडतो. प्रकल्पबाधितांसाठी १९९९ चा पुनर्वसन अधिनियम आहे. 'अठरा नागरी सुविधा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण दप्तरात त्यांची यादी आणि प्रत्यक्ष जागा जुळवून पाहणारे थोडे. पाणी, शाळा, पोचरस्ता तर पाहाच, पण स्मशानभूमी, गायरान, खळवाडी आणि शिवारात जाणारी वाट आधी पाहा. भांडणे यांच्यावरूनच होतात. आणि गाव आपल्या ताब्यात घेण्याआधी पाण्याची टाकी भरून पाहा. एकदा ताबापावती झाली की गळती ग्रामपंचायतीची!

येळवशीला बोलवा

शेवटची गोष्ट ज्यांच्या गावात बाहेरची वस्ती आली आहे त्यांच्यासाठी.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस असते. सारे गाव घराला कुलूप लावून रानात जाते. कडब्याची कोप होते, आत पांडव मांडतात, भज्जी आणि आंबील असते. त्या दिवशी ज्याला रान आहे तो ज्याला रान नाही त्याला बोलावतो. वाटेने जाणारालासुद्धा हाक मारून बसवतो. भूकंपानंतर पांढरी हलली तरी येळवस हलली नाही, कारण ती काळीतली. विखुरलेली गल्ली वर्षातून एक दिवस का होईना, त्या कोपीपुढे एका पंगतीत बसत राहिली.

दर ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीत गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. तिथे जाणाऱ्यांतली कितीतरी तरणी माणसे नव्या गावातच जन्मलेली असतात. त्यांना विचाराल, 'गाव कोणते?' तर ती नव्या गावाकडेच बोट दाखवतील. म्हणजे गाव बसले म्हणायचे. पण त्याला एक अख्खी पिढी लागली.

तुमच्या शेजारी आलेल्या माणसाला एवढी वाट पाहायला लावू नका. घर त्याला सरकार देईल, पैसे बँकेत जमा होतील. पण 'पाहुणं, या की जेवायला' ही हाक कोणत्याही खात्याच्या यादीत नाही. ती तुम्हालाच मारावी लागेल. यंदाच्या येळवशीला एक ताट जास्त वाढा.