पडद्यावरची शर्यत आणि खरी उंची

एका खोलीत सायकल उभी आहे. तिचे मागचे चाक काढून त्या जागी एक यंत्र बसवले आहे. स्वार जोरजोराने पायडल मारतो, घामाघूम होतो, पण जागचा हलत नाही. समोरच्या पडद्यावर मात्र त्याची चित्ररूप सायकल रस्त्यावरून धावत असते आणि तिच्या मागेपुढे देशोदेशींचे स्वार असतात. अशा शर्यतीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ९ डिसेंबर २०२० रोजी 'झ्विफ्ट' या संगणकीय खेळावर झाली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबोर्न आणि महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ विजयी झाली.

अशा शर्यतीत उतरण्यापूर्वी प्रत्येकाला आपले वजन आणि उंची संगणकाला सांगावी लागते. वजनाचे कारण लगेच ध्यानात येते, कारण चढावर ते ओढून न्यावे लागते. पण उंची कशाला हवी?

हवेचा अडथळा

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा, तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. शिवाय समोरून येणाऱ्या हवेला शरीराचे जेवढे क्षेत्र आडवे येते, तेवढा अडथळा अधिक. खोलीत वारा नसतो. म्हणून हे क्षेत्र संगणक स्वाराच्या उंची-वजनावरून अंदाजाने ठरवतो आणि यंत्राने मोजलेल्या शक्तीवरून पडद्यावरचा वेग काढतो.

असा अंदाज करण्याची रीत जुनी आहे. १९१६ साली द्यूबॉइस आणि द्यूबॉइस या अमेरिकन संशोधकांनी शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढण्याचे एक सूत्र दिले. त्यात हे क्षेत्रफळ वजनाच्या ०.४२५ व्या आणि उंचीच्या ०.७२५ व्या घाताच्या प्रमाणात असते. आपण नमुन्यादाखल तेच वापरू.

थोडे गणित

समजा, एका स्वाराचे वजन ७० किलोग्रॅम आणि उंची १८० सेंटिमीटर आहे. त्याने वजन खरे सांगितले, पण उंची १७० सांगितली. सूत्राप्रमाणे क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी घटते. हवेचा अडथळाही तेवढाच घटला असे धरू. शक्ती तीच राहिली, तर वेग घनमुळाच्या हिशेबाने सुमारे १.४ टक्के वाढतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरऐवजी सुमारे ताशी ४०.६ किलोमीटर. फरक क्षुल्लक वाटतो ना? पण तासाभराच्या शर्यतीत तो पाऊण मिनिटाहून थोडा अधिक होतो आणि तेवढ्या वेळात स्वार सुमारे ५५० मीटर पुढे गेलेला असतो! पायांनी जास्त काम केलेले नाही, फक्त एक आकडा बदलला आहे.

चढावर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. वेग ताशी १४ किलोमीटरवर आला, की हवेसाठी लागणारी शक्ती ताशी ४० च्या तुलनेत सुमारे तेविसाव्या हिश्श्यावर येते. तेथे खरा विरोध गुरुत्वाकर्षणाचा असतो. म्हणून सपाटीवर उंचीचा खोटा आकडा उपयोगी पडतो, तर चढावर वजनाचा.

मोजलेले आणि सांगितलेले

पायडलची शक्ती यंत्र मोजते. उंची मात्र कोणी मोजत नाही, ती स्वार सांगतो. निकालावर दोन्हींचा परिणाम होतो, पण तपासणी एकाचीच होते. म्हणून मोठ्या स्पर्धांत स्वाराला आपली उंची आणि वजन मोजतानाची चित्रफीत पाठवावी लागते.

सर्वांनी खरे सांगितले, तरी प्रश्न पुरता सुटत नाही. सूत्र सरासरी माणसाचे असते. रस्त्यावर एखादा उंच स्वार कोपरे आत घेऊन, पाठ वाकवून वाऱ्याला चकवतो. ते कसब पडद्यावर दिसत नाही. मग सर्वांची उंची सारखीच धरावी का? तसे केले, तर ठेंगण्या स्वाराला रस्त्यावर मिळणारा नैसर्गिक फायदा हिरावला जाईल. तुम्हाला यातले कोणते न्याय्य वाटते? वर्गात शिक्षकांबरोबर चर्चा करा.

करून पाहा

सकाळी उठल्याबरोबर भिंतीशी ताठ उभे राहून आपली उंची मोजा. रात्री झोपण्यापूर्वी त्याच जागी पुन्हा मोजा. बहुतेकांची उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरेल. दिवसभराच्या भाराने पाठीच्या मण्यांमधील चकत्या दबतात, म्हणून असे होते. आता वरच्या हिशेबात १८० ऐवजी १७९ घालून पाहा. तासाभरात सुमारे ५ सेकंदांचा फरक पडेल. अंतिम रेषेवर चाकभर अंतराने हार-जीत ठरते, तेव्हा ५ सेकंद थोडे नव्हेत. म्हणून केवळ खरी उंची सांगून भागत नाही. ती केव्हा आणि कशी मोजायची, हेही सर्वांसाठी एकच ठरवावे लागते.