न दिसलेली चितळं मोजताना

रायपूरहून शंभरेक किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे. १९७६ साली घोषित झालेलं, सुमारे २४५ चौरस किलोमीटरचं. साल, साग, बांबूचं रान आणि मधूनमधून गवताळ मोकळवन. चितळ, सांबर, गवा, नीलगाय, चौशिंगा सगळे इथे चरतात. इथून नाहीसे झालेले काळवीटही पुन्हा आणून सोडले आहेत. या सगळ्यांची संख्या काढायची कशी?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजणं आपल्याकडे अनेकांनी अनुभवलं आहे. पण एकच चितळ रात्रीतून दोनदा पाण्यावर आलं, तर? जीपमधून मोजावं, तर रस्त्याकडेच्या कोवळ्या गवतावर चितळं जमतात आणि आकडा फुगतो.

म्हणून रानात साधारण दोन किलोमीटरची सरळ रेषा आखतात. तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. नाला आडवा येवो की काटेरी जाळी, रेषा सोडायची नाही. उजाडताच दोघंतिघं पायी, न बोलता निघतात. कळप दिसला की थांबायचं, नर-माद्या-पाडसं मोजायची, होकायंत्राने दिशा टिपायची, लेझर रेंजफाइंडरने अंतर घ्यायचं. समजा, कळप ६० मीटरवर आहे आणि रेषेशी ३० अंशांचा कोन होतो. मग रेषेपासून त्याचं लंबांतर ३० मीटर. शाळेतली त्रिकोणमिती अशी सालवनात कामाला येते.

खरी जादू पुढेच आहे. रेषेवरचं जनावर नजरेतून सुटत नाही, असं धरतात. लांब जावं तशा नोंदी विरळ होतात. पण जनावरांना आपली रेषा ठाऊक नसते; ती रेषेलगत जितकी, तितकीच सरासरीने ८० मीटरवरही असणार. म्हणजे तिथे चितळं घटलेली नाहीत, आपली नजर तोकडी पडली आहे. नोंदी किती वेगाने विरळ होतात याचा आलेख काढला, की निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो. न दिसलेल्या चितळांचा हिशेब दिसलेल्या चितळांच्या अंतरांत दडलेला असतो! त्यासाठी निदान साठ-ऐंशी नोंदी हव्यात, म्हणून अनेक रेषा, पुन्हा पुन्हा चालायच्या.

गवताळ भागात हाच आलेख बदलतो. तिथे नजर कितीतरी लांब पोचते, म्हणून रान आणि माळ यांचा हिशेब वेगळा ठेवतात. शिवाय काळवीट माणसाची चाहूल लागताच उधळतात. अंतर मात्र ते पहिल्यांदा उभे दिसले त्या जागेचंच घ्यायचं, नाहीतर सगळं गणित बिघडतं.

जे दिसतच नाहीत, त्यांच्या लेंड्या मोजतात. व्याघ्रगणनेच्या पद्धतीत रेषेवर दर ४०० मीटरला २० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा आखून त्यातल्या लेंड्या प्रजातीवार नोंदवतात. नीलगाय ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकते, तेव्हा ढीग पाहून हुरळून चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कर्नाटकातल्या नागरहोळेत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी शिकार आणि शिकारी यांचं गणित बारकाईने मांडलं. एका वाघाला वर्षाला साधारण ५० खुरवाली जनावरं लागतात. ती पुरवायला सुमारे ५०० जनावरांचा साठा हवा. २०२४ मध्ये एक वाघ बारनवापाऱ्यात आला आणि काही महिने या परिसरात राहिला. त्याला पुरेल इतकं खाद्य इथे होतं, असं मला वाटतं. आणखी चार वाघ आले तर पुरेल का, हे मात्र रेषेवर चालूनच कळेल.