ग्रहणाचे वेध आणि गर्भवतीचे पाणी

पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वी येते. तरीही दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने बहुतेक वेळा तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. 7 सप्टेंबर 2025 रोजी, भाद्रपद पौर्णिमेला, तो सावलीत पूर्ण बुडाला. रात्री दहाच्या सुमारास लागलेले ग्रहण दीडच्या सुमारास सुटले. वेध मात्र दुपारीच लागले होते.

म्हणजे वेध कडकपणे पाळणाऱ्या गर्भवतीला बारा तासांहून अधिक काळ अन्नपाणी वर्ज्य! चंद्रावर पडलेल्या सावलीने गर्भाला काहीही होत नाही, तहानेने होते. आमच्या अर्जुनी मोरगाव परिसरात, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, सिकलसेलचे रुग्ण आहेत. शरीरात पाणी कमी पडले की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. इन्शुलिन घेणारी गर्भवती उपाशी राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगत नाही. ओठ गर्भारपणाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळून आलेला असतो. त्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी वेळेवर सुरू करावी आणि तंबाखू सोडावा. (खर्रा हाही तंबाखूच.)

घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे, की पंचांगातही गर्भवती, बालक व आजारी यांच्यासाठी वेधांचा काळ कमी दिलेला असतो. पाण्याला तर तेवढाही खंड नको. इच्छा असल्यास गर्भवतीने अंगणात येऊन चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहणात मात्र ही मुभा कोणालाच नाही.