अस्सल म्हणजे काय रे भाऊ?

कल्व्हर सिटीत रेकॉर्ड झालेलं 'सैराट' मातीतलं, मग लॅपटॉपमधून वाजणारी हलगी नकली का? इंदापूरच्या एका लग्नाच्या निमित्ताने रंगलेला वाद...

वादाला तोंड फुटलं ते भिगवणला. पुण्याहून इंदापूरला निघायचं आणि भिगवणला मासे न खाता पुढे सरकायचं, हा तर गुन्हाच! समोर तळलेली चिलापी, टेबलाभोवती आम्ही पाच जण आणि विषय एकच. चुलतभावाच्या वरातीत डीजे की हलगी?

मी अर्थातच हलगीच्या पार्टीत. कॉलेजपासून आपलं मत ठरलेलं, बॉस! अनप्लग्ड ते खरं, बाकी सगळा कॉम्प्युटरचा खेळ. रीमिक्स म्हणजे पाप आणि कीबोर्ड म्हणजे भेसळ. मी जोरात भाषण ठोकत होतो. नवरदेव शांतपणे काटा काढत म्हणाला, "मग तुझं ते लाडकं 'सैराट' कुठं रेकॉर्ड झालंय, सांग की."

माझी बोलती बंद!

मातीतलं, पण कुठल्या?

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला रिलीज झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आणि शूटिंगही करमाळ्याच्या परिसरातलं. उजनीच्या पाण्याच्या अलीकडे इंदापूर, पलीकडे करमाळा. म्हणजे पडद्यावरची ती विहीर, ती शेतं, ती बोली, सगळं आमच्या शेजारचंच. संगीतकार अजय-अतुल हेही वडिलांच्या सरकारी नोकरीतल्या बदल्यांमुळे पुणे जिल्ह्यातल्या छोट्या गावांत वाढलेले.

पण या गाण्यांमधला ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड झाला थेट लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत जिथे ध्वनिमुद्रित झालं, तीच ही जागा. एखाद्या भारतीय सिनेमाचं संगीत तिथे रेकॉर्ड होण्याची ही पहिलीच वेळ. वाजवणाऱ्यांपुढे नोटेशनचा कागद, आणि करमाळा नकाशावर कुठे आहे याची त्यांना बहुधा गंधवार्ताही नसेल.

तरीही 'याड लागलं' ऐकताना बारामतीत कुणाला ते परकं वाटलं? मुळीच नाही. परश्या मच्छीमाराचा पोरगा. त्याच्या मनात जे उसळतंय, ते व्हायोलिनच्या त्या लाटेइतकंच मोठं आहे. एवढा थाट आजवर सिनेमातल्या श्रीमंत पोरांच्या वाट्याला यायचा, तो इथे गावातल्या पोराला मिळाला. आणि त्या थाटावर अजयचा आवाज कसा? गुळगुळीत न केलेला, ओरखडे तसेच ठेवलेला. हे प्रॉडक्शन माणसाला झाकत नाही, उलट वर उचलतं.

शुद्ध लावणी? स्टुडिओतलीच!

एव्हाना मावशीही मैदानात उतरली होती. "तुमचं सिनेमाचं राहू द्या. आमच्या वेळच्या लावण्या अस्सल होत्या." आमच्या भागात हे वाक्य हमखास ऐकू येतं. अकलूजची लावणी स्पर्धा शेजारीच, त्यामुळे इथे प्रत्येक जण लावणीचा परीक्षक!

पण मावशीच्या वेळच्या लावण्या म्हणजे नेमक्या कुठल्या? रेडिओवरच्या. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण तमाशाच्या फडातून आलेल्या नव्हत्या. त्या मुंबईच्या गिरगावात वाढलेल्या पार्श्वगायिका. १९७२ च्या 'पिंजरा'तल्या लावण्या तर आपल्याला फडाचा अर्कच वाटतात. पण पडद्यावर नाचल्या संध्या, माइकपुढे गायल्या उषा मंगेशकर आणि चाली होत्या राम कदमांच्या. म्हणजे बऱ्याच जणांच्या कानातली 'अस्सल लावणी' मुळात स्टुडिओत घडलेली आहे. बैठकीत बसून, अदाकारीतून लावणी उलगडणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना समोर बसून ऐकण्याचं भाग्य त्या मानाने किती थोड्यांना लाभलं!

मग स्टुडिओ म्हणजे खोटं, हे गणित इथेच कोसळतं. मावशी गप्प झाली. खरं सांगायचं तर मीही.

मग भेसळ कुठे असते?

सूर दुरुस्त करणारं 'ऑटो-ट्यून' बाजारात आलं १९९७ मध्ये. ते बनवलं अँडी हिल्डेब्रँड या इंजिनिअरने. त्याचं आधीचं काम काय, तर ध्वनिलहरींच्या गणितातून जमिनीखालचं तेल शोधणं! १९९८ मध्ये शेर या गायिकेने 'बिलीव्ह'मध्ये तेच यंत्र मुद्दाम, सगळ्यांना कळेल असं वापरलं. आवाज चक्क रोबोसारखा. मला त्यात खोटं काही दिसत नाही. नाटकातला मुखवटा असतो, तसं ते आहे. मुखवटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पंचाईत होते लपवाछपवीत. आपल्या गाण्याचा जीव दोन सुरांच्या मधल्या जागेत असतो, मींडेत आणि मुरकीत. यंत्र बेफिकीरपणे लावलं, तर ते प्रत्येक स्वराला जवळच्या खुंटीवर नेऊन टांगतं. तालाचंही तसंच. रेकॉर्ड केलेला एकच ठोका कॉपी-पेस्ट करत गेलं, की शंभरावा ठोका हुबेहूब पहिल्यासारखा वाजतो. खऱ्या हलगीत असं होणं शक्यच नाही. लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते पाचटाच्या जाळावर शेकावं लागतं. त्यातून हात माणसाचा. तो दमतो, चेकाळतो.

वारीला क्लिक ट्रॅक नसतो

हे पटत नसेल, तर एकदा आषाढी वारीत या. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीच्या गोल रिंगणात टाळ-मृदंगाची लय कशी चढत जाते, ते उभं राहून ऐका. स्टुडिओत कानात टिकटिक वाजवून लय बांधून ठेवतात, इथे ती पावलांबरोबर वाढते. आणि हो, हल्ली काही दिंड्यांत बॅटरीवरचा छोटा स्पीकर अन् माइक असतो. त्याने भजन बाटलं, असं म्हणणारा वारकरी मला तरी भेटलेला नाही. मागच्या माणसाला अभंग ऐकू यावा, एवढंच त्या माइकचं काम.

आणि वरातीत?

शेवटी तडजोड झाली. डीजेही आणि हलगीही. प्रत्यक्षात काय झालं? पुढे बेस-टॉपची भिंत, तिच्यातून रेकॉर्ड केलेल्या हलगीचा लूप आणि मागे फेटे बांधलेले चार खरे हलगीवाले, फक्त फोटोपुरते! त्यांतले वयाने मोठे मामा थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "चांगलं वाजवलंय. कुणी वाजवलंय ओ हे?"

मी जाऊन डीजेवाल्याला विचारलं. पोरगा विशीतला, बोलायला मोकळा. "काय माहीत दादा, पेनड्राइव्हमध्ये आलंय."

कुणाला नाव माहीत नव्हतं. कधीतरी, कुठेतरी एका माणसाने जीव ओतून ते वाजवलं असणार. त्या दिवसाचे त्याला काय मिळाले असतील ते असतील. आता मात्र त्याचाच हात असंख्य वरातींमधून या मामांसारख्यांची सुपारी खातोय आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसेल. इतकी वर्षं मी कीबोर्डला शिव्या घालत होतो. खरी बोच इथे होती.

म्हणून आता माझी व्याख्या बदलली आहे. 'हे कुणी वाजवलं?' या प्रश्नाला जिथे उत्तर आहे, ते अस्सल. मग ते कल्व्हर सिटीत वाजलेलं असो, गिरगावातल्या बाईंनी गायलेलं असो की यंत्रातून काढलेलं.

डीजेवाल्याला मी लूप बंद करायला सांगितला. "दादा, माझ्या टॉपपुढं हलगी ऐकू येईल का?" त्याचं म्हणणं रास्त होतं. मग त्यानेच तोडगा काढला. एक माइक हलगीपुढे धरला आणि बाकी सगळं खाली घेतलं. मामांनी कागद पेटवून हलगी शेकली. पुढची वीस मिनिटं लय जी चढत गेली, ती कुठल्याच मशीनला विचारून नाही!

वरात संपल्यावर डीजेवाला मामांचा मोबाइल नंबर सेव्ह करत होता. पेनड्राइव्हमध्ये नव्हतं ना, ते नाव आधी टाइप केलं त्याने.

कान देऊन ऐका

पिंजरा (१९७२) : ढोलकी आणि गळा यांची जुगलबंदी. स्टुडिओतला फड!

जोगवा : अजय-अतुल यांना या सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'लल्लाटी भंडार'चा ठेका हेडफोनवर ऐका.

नटरंग (२०१०) : जुन्या बाजाची लावणी, नव्या काळाचं रेकॉर्डिंग. बेला शेंडेच्या आवाजातला ठसका चुकवू नका.

सैराट (२०१६) : 'याड लागलं' दोनदा ऐका. एकदा फक्त ऑर्केस्ट्रासाठी, एकदा फक्त आवाजासाठी.